भंडारदरा–कळसूबाई परिसराच्या जुन्या टोपोशीट: नंबर कुठले, सरकतात का, आणि जलाशयाखालचे कंटूर (मंचावरची चर्चा; ‘प्रवराकाठ’, ‘समासातली टीप’ वगैरे सदस्यांची टोपणनावं)

प्रवराकाठ:

नमस्कार मंडळी. भंडारदरा जलाशय, कळसूबाईची रांग, रतनवाडी-साम्रद-घाटघर आणि दक्षिणेला हरिश्चंद्रगड एवढ्या भागाचे वेगवेगळ्या काळातले टोपो (भूरचना दाखवणारे) नकाशे क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये एकावर एक बसवायचे आहेत. धरणाआधीची प्रवरेची दरी, नंतरचा जलाशय आणि मधल्या जुन्या वाटा एकाच जागी दिसाव्यात, हा हेतू. हाताशी तीन स्कॅन आहेत आणि तिघांची दुखणी वेगळी आहेत.

पहिली एक इंच = एक मैल शीट, ४७ ई/१०. चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएसच्या पद्धतीचे, समजून भरले. नकाशा दिसायला नीट बसतो, पण कळसूबाईचं शिखर उपग्रह चित्रापेक्षा आग्नेयेला शंभरेक मीटर पडतं. सगळ्या शीटवर सरक सारखीच.

दुसरी त्याहून जुनी, पाव इंची (पाव इंच = एक मैल), डोंगर बारीक रेघांनी छायांकित केलेले, कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, नाहीत. ती कोपऱ्यांवरून बसवली तर सगळंच चार किलोमीटरहून जास्त पूर्वेला जातं.

तिसरी कापडावर चिकटवलेली घडीची शीट. डावीकडे जुळवली की उजवीकडे बिघडते.

याशिवाय दोन प्रश्न. जलाशयाच्या चारही बाजू पुऱ्या करायला नेमक्या कुठल्या शीट लागतील? आणि धरणाआधीच्या कंटूरवरून तळाचा उठाव काढता येईल का?

समासातली टीप:

आधी नंबर, कारण भंडारदऱ्याची जागा शीटच्या जोडावर आहे आणि एकाच शीटवर अवलंबून राहिलं की अर्धं चित्र हातातून निसटतं.

४७ ही १६° ते २०° उत्तर आणि ७२° ते ७६° पूर्व अशी मोठी चौकट. तिचे एक-एक अंशाचे सोळा तुकडे, ए पासून पी पर्यंत. अक्षरं वायव्य कोपऱ्यातून सुरू होऊन खाली उतरतात, मग पुढच्या स्तंभात वरून पुन्हा सुरू. त्यामुळे १९°–२०° आणि ७३°–७४° हा तुकडा ४७ ई. त्याचे पुन्हा १५ मिनिटांचे सोळा भाग, क्रम तसाच वरून खाली: पहिल्या स्तंभात १ ते ४, दुसऱ्यात ५ ते ८, पुढे ९ ते १२ आणि १३ ते १६.

या हिशेबाने ४७ ई/१० मध्ये १९°३०′ ते १९°४५′ आणि ७३°३०′ ते ७३°४५′ एवढा भाग येतो. इगतपुरी, अलंग-मदन-कुलंग, कळसूबाई आणि जलाशयाचा बहुतेक पसारा त्यात आहे. धरणाची भिंत मात्र ७३°४५′ च्या अगदी लगत असल्यामुळे भिंत, शेंडी आणि खालची प्रवरा, रंधा धबधब्यासकट, यांसाठी ४७ ई/१४ हवीच. रतनगड दक्षिण कडेवर, १९°३०′ ला चिकटून बसलाय. त्याचा दक्षिण उतार ४७ ई/११ वर जातो. हरिश्चंद्रगड ४७ ई/१५ वर. म्हणजे चार शीट, आणि त्या चौघींचा समाईक कोपरा धरणाच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर.

हे क्रमांक १९०५ नंतरच्या पद्धतीचे. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याच्या शीट आणि इंडियन अॅटलासच्या शीट यांचे क्रमांक निराळे, त्यांचा ४७ ई शी काही संबंध नाही. ग्रंथालयाच्या सूचीत शोधताना हे ध्यानात ठेवा. आणखी एक: जुन्या इंग्रजी कागदपत्रांत अकोले तालुक्याचं स्पेलिंग विदर्भातल्या अकोल्यासारखंच असतं, त्यामुळे नुसत्या नावाने शोधलं तर भलत्याच जिल्ह्याचे नकाशे पुढ्यात येतात. सोबत राजूर किंवा कळसूबाई हा शब्द घाला.

आता वर्ष. शीटच्या तळाशी छापलेलं मोठं साल बहुधा प्रकाशनाचं किंवा पुनर्मुद्रणाचं असतं. मोजणी कुठल्या हंगामात झाली ते समासात वेगळं, लहान अक्षरांत असतं, आणि बऱ्याचदा एक छोटी चौकट असते जिच्यात शीटचा कुठला भाग कुठल्या वर्षीच्या मोजणीचा ते दाखवलेलं असतं. पुनर्मुद्रणात रस्ते आणि हद्दी सुधारल्या जातात, कंटूर मात्र जुन्या मोजणीचेच राहतात. ‘अमुक साली इथे वाट होती’ असं म्हणायचं तर मोजणीचा हंगामच धरायचा.

समास कापलेला असेल तर नकाशातच पुरावे शोधा. विल्सन धरणाचं, म्हणजे भंडारदऱ्याच्या भिंतीचं, काम १९१० ते १९२६. जलाशय नाही आणि प्रवरा उघडी वाहते, तर मोजणी त्याआधीची. जलाशय आहे, पण खाली निळवंडे धरणाचं पाणी नाही आणि घाटघरचा वरचा जलाशयही नाही, तर मधल्या काळातली. घाटघरचा उदंचन (पाणी वर उपसून वीज करणारा) प्रकल्प २००८ चा, निळवंड्याचं पाणीही त्याच सुमाराचं. अभयारण्याची हद्द आखलेली असेल तर शीट १९८६ नंतर सुधारलेली. उंची फुटांत की मीटरमध्ये, हा सगळ्यात सोपा पुरावा: कळसूबाईशेजारी ५४०० असेल तर फूट, १६४६ असेल तर मीटर. मीटर आणि १:५०,००० हे प्रमाण १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून येऊ लागलं.

मिळवायचं कुठून? आजची १:५०,००० ओपन सीरिज शीट सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन नकाशा पोर्टलवरून पीडीएफमध्ये फुकट उतरवता येते. तिच्यावरचा नवा क्रमांक ‘ई ४३’ ने सुरू होतो. अमेरिकन आर्मी मॅप सर्व्हिसची यू ५०२ मालिका, १:२,५०,०००, टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्तान्येडा ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोकळी आहे. तुमचा भाग एन ई ४३-२ या शीटवर, म्हणजे १९°–२०° आणि ७३°३०′–७५°. पण तिच्यावर १ मिमी म्हणजे २५० मीटर, त्यामुळे वाटांसाठी तिचा उपयोग नाही, सर्वसाधारण संदर्भासाठी ठीक. मुंबईत एशियाटिक सोसायटी आणि महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार या दोन्ही ठिकाणी जुन्या नकाशांचे संग्रह आहेत. तिथे जाताना शीटचा क्रमांक आणि चौकटीचे अक्षांश-रेखांश कागदावर लिहून न्या, नुसतं ‘भंडारदऱ्याचा नकाशा’ म्हणून मागितलं तर शोधणाऱ्याला काहीच धागा मिळत नाही.

कंट्रोल पॉइंट:

सरकण्याबद्दल. पहिल्या दोन शीटची कारणं पूर्ण वेगळी आहेत, उपायही वेगळे.

४७ ई/१० ची सरक डेटमची, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावरून मोजतात त्याची, आहे. जुन्या शीट एव्हरेस्ट लंबगोल (पृथ्वीच्या आकाराचं एक गणिती माप) आणि कल्याणपूर डेटमवर आहेत. त्यांच्यावर छापलेलं ७३°४५′ आणि जीपीएसचं ७३°४५′ या जमिनीवरच्या दोन वेगळ्या रेषा. कल्याणपूर १९७५ वरून डब्ल्यूजीएस ८४ वर जाताना प्रचलित आकडे आहेत २९५, ७३६, २५७ मीटर. ते या अक्षांश-रेखांशाला लावले तर स्थान सुमारे ९५ मीटर उत्तरेला आणि ७५ मीटर पश्चिमेला जातं. म्हणून बदल न करता बसवलेली शीट सुमारे १२० मीटर आग्नेयेला दिसते. तुम्हाला दिसतंय ते नेमकं हेच. नकाशा हाताने ओढून बसवू नका, कारण मग शेजारची शीट जोडताना पुन्हा तोच खटाटोप आणि दरवेळी थोडा वेगळा.

जिओरेफरन्सर (क्यूजीआयएसमधलं, स्कॅन अक्षांश-रेखांशावर बसवायचं साधन) उघडून शीट घ्या. फक्त चार कोपरे नकोत. एक इंची शीटवर दर ५ मिनिटांच्या रेषांचे छेद मिळतात, म्हणजे चार गुणिले चार, सोळा बिंदू. रेखांश दशांशात ७३.५, ७३.५८३३३, ७३.६६६६७, ७३.७५ आणि अक्षांश १९.५, १९.५८३३३, १९.६६६६७, १९.७५. एक्सच्या खणात रेखांश, वायच्या खणात अक्षांश. ही अदलाबदल फार वेळा होते, आणि झाली की नकाशा भलत्याच जागी उडतो. बिंदू भरतानाच त्यांची निर्देशांक प्रणाली ईपीएसजी ४१४६, म्हणजे कल्याणपूर १९७५, अशी निवडा. नव्या आवृत्त्यांत ही सोय त्याच खिडकीत आहे. टार्गेट मात्र ईपीएसजी ३२६४३, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ यूटीएम ४३ उत्तर. कुठलं रूपांतर वापरायचं हे प्रोग्रॅमने विचारलं तर वरचे तीन आकडे असलेलं घ्या. ‘बॉलपार्क’ लिहिलेला पर्याय घेतलात तर रूपांतर होतच नाही, १२० मीटर तसेच राहतात.

सपाट टेबलवर नीट स्कॅन झालेल्या शीटला पहिल्या क्रमाची पॉलिनॉमिअल (सगळी शीट एकसारखी सरकवणारं, फिरवणारं, ताणणारं सूत्र) पुरते. कागद असमान ताणला असेल तर दुसऱ्या क्रमाची. थिन प्लेट स्प्लाइन (शीट ठिकठिकाणी रबरासारखी ताणणारं सूत्र) सगळ्यात शेवटी, आणि ते वापरताना एक फसगत ओळखून असा: ते प्रत्येक बिंदूतून तंतोतंत जातं, म्हणून चूक शून्य दाखवतं. चुकीचा टंकलेला बिंदूही शून्यच दाखवतो आणि आजूबाजूचा नकाशा मुकाट्याने वाकवतो. तेव्हा सोळातले तीन-चार बिंदू आधी बाजूला ठेवा, उरलेल्यांवर शीट बसवा आणि बाजूला ठेवलेल्यांवर तपासा.

किती चूक चालेल? ४०० डीपीआयला एक पिक्सेल ०.०६३५ मिमी, एक इंची शीटवर जमिनीवर ४ मीटर. अर्धा मिलिमीटर म्हणजे आठ पिक्सेल, ३२ मीटर. सरासरी चूक याच्या आत आली की पुढे जा. त्याहून खाली घासत बसण्यात अर्थ नाही, कारण डेटम रूपांतराच्या त्या तीन आकड्यांचीच अचूकता वीसेक मीटरची आहे.

बसवल्यावर पडताळणी अशा गोष्टींवर करा ज्या जागच्या हललेल्या नाहीत. कळसूबाईचं शिखर, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, आणि १९२६ नंतरच्या शीटवर धरणाची भिंत. वाड्यांचे ठिपके, रस्त्यांची वळणं आणि पाण्याची कड यांवर तपासू नका. रस्ते बदलतात, आणि पाण्याची कड तर ऑक्टोबरात एक आणि मे महिन्यात दुसरीच असते. पडताळणीत सगळीकडे एकाच दिशेने दहा-वीस मीटर उरत असेल तर तेवढी सरळ सरक शेवटी द्यायला हरकत नाही.

चाळीसच्या दशकातल्या काही शीटवर रंगीत ग्रिड असते. ती यार्डांची आहे. हजार यार्ड म्हणजे ९१४.४ मीटर. किलोमीटरची ग्रिड समजून त्यावर बिंदू दिले तर शीट नऊ टक्क्यांहून जास्त फुगते, आणि कोपऱ्याचे अक्षांश जुळत नाहीत म्हणून डोकं पिकतं. सरळ अक्षांश-रेखांशाचे छेद वापरा.

आता दुसरी, पाव इंची शीट. चार किलोमीटरहून जास्त पूर्वेला, हे मद्रास वेधशाळेच्या रेखांशाचं प्रकरण. भारतातले रेखांश मद्रासवरून मोजत आणले होते, आणि तिथला स्वीकारलेला रेखांश प्रत्यक्षापेक्षा सुमारे अडीच मिनिटं जास्त होता. १९०५ च्या सुमारास दुरुस्ती स्वीकारली गेली. त्याआधीच्या शीटवर छापलेला रेखांश अडीच मिनिटांनी जास्त असतो. तुमच्या अक्षांशावर एक मिनिट रेखांश म्हणजे १.७५ किलोमीटर, म्हणजे अडीच मिनिटांचे ४.४ किलोमीटर. शीटच्या समासात रेखांशाबद्दल अशी टीप आणि वजा करायचा आकडा छापलेला असेल तर तोच वापरा. नसेल तर छापील रेखांशातून ०.०४१ अंश वजा करून बिंदू भरा. अक्षांशाला हात लावायचा नाही.

त्यानंतरही ही शीट इंचीसारखी बसणार नाही. पाव इंचीवर १ मिमी म्हणजे २५३ मीटर. दोन-तीनशे मीटरचा फरक उरला तर तो त्या प्रमाणाचा स्वभाव समजा. छायांकित डोंगरातून कड्याची नेमकी रेषा काढायला जाऊ नका, ती तिथे नाहीच. गावांची नावं, नद्यांचे फाटे, घाटवाटा कुठून कुठे जातात, एवढं मात्र ती फार चांगलं सांगते.

जुना कागद:

तिसऱ्या शीटचं निदान कागदातच आहे. कापडावरच्या घडीच्या शीट अखंड नसतात. छापील नकाशा आयतांमध्ये कापून ते आयत कापडावर फटी सोडून चिकटवतात, म्हणजे घडी कापडावर पडते आणि कागद मोडत नाही. फट दोन मिलिमीटरची धरली आणि रुंदीत तीन उभ्या फटी असल्या तर सहा मिलिमीटर, म्हणजे एक इंची प्रमाणावर ३८० मीटर जादा. अख्खी शीट एकदम बसवायला गेलं की डावी बाजू जुळते आणि उजवी पळते.

प्रत्येक तुकडा वेगळा कापून घ्या. फट पूर्ण वगळा, तुकड्याच्या छापील कडेपर्यंतच कापा. मग दोन मार्ग आहेत. तुकडे प्रतिमा-संपादनात कडेला कड लावून जोडायचे आणि एकच शीट बसवायची, किंवा प्रत्येक तुकडा स्वतंत्र जिओरेफरन्स करून शेवटी एकत्र करायचा. पहिला मार्ग सोपा, पण कापताना कागदाची एखादी रेघ गेलेली असते आणि तुकडे किंचित तिरपे चिकटलेले असतात, त्यामुळे दुसरा खात्रीचा. अडचण एकच: मधल्या तुकड्यांवर ५ मिनिटांचे छेद पुरेसे नसतात. तिथे आधी अखंड शीटवरून, म्हणजे तुमची पहिली ४७ ई/१० नीट बसल्यावर, ओढ्यांचे संगम आणि त्रिकोणमितीय बिंदू उचला. एका तुकड्यावर किमान सहा बिंदू तरी हवेत.

जोडणी बरोबर झाली का हे मोजपट्टीने कळतं. या अक्षांशाला १५ मिनिटांची चौकट एक इंची प्रमाणावर उंचीला सुमारे ४३.७ सेंमी आणि रुंदीला ४१.४ सेंमी भरते. १:५०,००० वर ५५.३ आणि ५२.४ सेंमी. फटी वगळून तेवढं भरलं पाहिजे. अखंड शीटही मोजून पाहा. पावसाळ्यात कागद फुगतो, कोरड्या हवेत आकसतो, आणि तंतूंच्या दिशेने कमी, आडवा जास्त. ४१ सेंमीवर एक टक्का म्हणजे ४ मिलिमीटर, जमिनीवर २६० मीटर. म्हणूनच सोळा बिंदू हवेत, चारवर हे कळतच नाही.

स्कॅनबद्दल मनापासून विनंती: कापडावरची किंवा कडा फाटलेली शीट रोलरने ओढणाऱ्या स्कॅनरमध्ये घालू नका. तुकडे सुटतात, आणि रोलर कागद असमान ओढतो ते वेगळंच. मोठा फ्लॅटबेड असेल तर उत्तम, नाहीतर वरून टांगलेला कॅमेरा, शीटवर स्वच्छ काच, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांतून प्रकाश, लेन्सचं टोक शीटच्या मध्याच्या बरोबर वर. मोबाइलने काढलेल्या फोटोत कडा बाहेर फुगतात. दुसरा इलाजच नसेल तर शीटचे चार-सहा फोटो भाग पाडून काढा, प्रत्येक फोटोच्या मधलाच भाग वापरा. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा. जेपीईजीत तपकिरी कंटूर आणि लाल वाटा यांच्या कडांना धूसर किनार येते, आणि पुढे रंगावरून रेषा वेगळ्या काढायच्या म्हटलं की तीच नडते.

फाटलेल्या जागी सेलोटेप लावायचा नाही. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून छपाईत मुरतो. शीट सपाट ठेवा, घडी पुन्हा पुन्हा त्याच रेषेवर उघडू नका.

प्रवराकाठ:

मनापासून आभार. मद्रासच्या रेखांशाची टीप दुसऱ्या शीटच्या खालच्या समासात खरंच आहे, बारीक तिरप्या अक्षरांत. ४१४६ देऊन पहिली शीट बसवली, शिखर आता पंधराएक मीटरवर येतं.

जलाशयाखालच्या कंटूरबद्दल कोणी सांगेल का? आणि जुन्या वाटांवर विसंबावं कितपत? शिवाय नीट बसवलेल्या शीट इतरांसाठी ऑनलाइन ठेवता येतील का?

नाळेची वाट:

तळाच्या उठावासाठी धरणाआधीच्या मोजणीची एक इंची शीट हे सामान्य माणसाच्या हाती लागणारं जवळजवळ एकमेव साधन आहे. अवकाशातून मोजून बनवलेले उंचीचे नकाशे इथे कामाचे नाहीत. त्यांपैकी एसआरटीएमची (अमेरिकी स्पेस शटलमधून केलेली) मोजणी फेब्रुवारी २००० मधली, त्यात जलाशय म्हणजे त्या दिवशीच्या पातळीचा सपाट पत्रा. नंतरच्या कोपर्निकस या युरोपीय उंचीच्या नकाशातही पाण्याची जागा सपाटच केलेली आहे.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. एक इंची शीटवर कंटूरचं अंतर बहुतेक ५० फूट, काही डोंगराळ शीटवर १०० फूट. समासात वाचून खात्री करा. भिंतीची उंची २७० फूट, म्हणजे ५० फुटी अंतराने भिंतीपाशी फार तर पाच-सहा रेषा मिळतात, रतनवाडीकडच्या टोकाला एखादीच. उतारावर रेषा भरपूर असतात, पण नदीकाठच्या सपाट शेतजमिनीत दोन रेषांमध्ये मोठी मोकळी जागा राहते, आणि बुडालेली वस्ती-शेती नेमकी तिथेच होती.

रेषा हाताने गिरवा, आपोआप काढायच्या फंदात पडू नका. तपकिरी रेषा कड्याच्या चिन्हात आणि नावांच्या अक्षरांत तुटतात. प्रत्येक रेषेला उंची फुटांत लिहा आणि नंतर एकदाच ०.३०४८ ने गुणा, अधूनमधून मीटर लिहिलेत तर चूक सापडणार नाही. प्रवरा आणि तिला मिळणारे ओढे वेगळ्या थरात उगमाकडून खाली गिरवा, आणि पृष्ठभाग काढताना ते उताराची सक्ती म्हणून द्या. नाहीतर नदीच्या पात्रात पायऱ्या आणि खोटी डबकी तयार होतात. ग्रास या जीआयएस प्रोग्रॅममधलं व्ही.सर्फ.आरएसटी कंटूरवरून पृष्ठभाग काढायला बरं चालतं. नुसत्या अंतरावर भार देणाऱ्या पद्धतीने डोंगर जिन्यासारखे दिसतात, कारण ती प्रत्येक कंटूरभोवती सपाटी करते.

पाण्याच्या रेषेवरचा भाग आजच्या उंचीच्या नकाशातून घेऊन खालचा जोडताना दोघांचा शून्य एक नाही हे विसरू नका. पाण्याबाहेरच्या, फारशा न बदललेल्या पंधरा-वीस स्पॉट हाइट (नकाशावर एकेका बिंदूला छापलेली उंची) घ्या, फरकांचा मध्यक काढा आणि जुना पृष्ठभाग तेवढा वरखाली करा. कड्याजवळचे बिंदू घेऊ नका. तिथे आडवी ३० मीटरची चूक उभी शंभर मीटरची होते.

यातून दरीचा आकार, जुन्या नदीचा मार्ग आणि कुठली जागा किती खोल गेली याचा अंदाज मिळेल. साठ्याचं गणित यावर करू नका. १९२६ पासूनचा गाळ त्या कंटूरना ठाऊक नाही. बुडालेल्या शेतांच्या हद्दी हव्या असतील तर टोपोशीट नव्हे, महसुली गाव नकाशे बघा. त्यांचं प्रमाण बहुतेक इंचाला ६६० फूट, म्हणजे १:७९२०. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गावाचं नाव देऊन विचारावं लागतं, आणि त्यांना अक्षांश-रेखांश नसतात, म्हणून शिवेचे तिठे आणि ओढे धरून टोपोशीटवरच बसवावे लागतात.

वाटा. जुन्या शीटवर गाडीवाट, लादलेल्या जनावरांची वाट आणि पाऊलवाट यांची चिन्हं वेगळी असतात. दोन समांतर तुटक रेषा, एक तुटक रेषा, आणि ठिपके, असा साधारण क्रम. आवृत्तीगणिक रंग आणि जाडी बदलते, त्यामुळे त्याच शीटची चिन्हसूची पाहायची. यातली मधली, जनावरांची वाट, सगळ्यात विश्वासाची. बैल चढायचा म्हणजे उतार बेताचा, आणि अशा वाटा गावांना जोडणाऱ्या असल्याने आजही बऱ्याच ठिकाणी त्यांची खूण सापडते. ठिपक्यांची पाऊलवाट कड्याच्या चिन्हातून जात असेल तर तिचा अर्थ एवढाच, की त्या बाजूने माणसं चढउतार करत. नेमकी नाळ (कड्यातली घळ) कुठली ते शीट सांगत नाही. छपाईत वाट, कड्याची रेघ आणि नाव एकमेकांवर चढू नये म्हणून रेषा जरा सरकवतात. एक मिलिमीटर सरकली तर ६३ मीटर, आणि साम्रद-घाटघरच्या कोकणकड्यावर ६३ मीटर म्हणजे माथा की दरी एवढा फरक. जीपीएसवर जुनी रेषा टाकून तिच्यामागून उतरायला जाणं जिवावर बेतू शकतं. अशी रेषा गावातल्या माणसाला दाखवून विचारायची, आणि दरड कोसळून वाट मोडली का तेही. पावसाळ्यानंतर हे दरवर्षी नव्याने विचारावं लागतं.

कड्याशेजारी, बंधाऱ्याशेजारी किंवा खोल ओढ्याशेजारी आकड्यापुढे लहान ‘आर’ दिसेल. ती समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे, त्या जागची सापेक्ष उंची किंवा खोली आहे. स्पॉट हाइट गोळा करताना हे आकडे चुकून आत आले तर पृष्ठभागावर विहिरी पडतात.

होकायंत्र वापरणार असाल तर समासातला चुंबकीय विचलनाचा आकडा त्या सालचा आहे, आज लावू नका. इथे सध्या विचलन एक अंशाहून कमी आहे.

मोबाइलवर न्यायचं तर क्यूजीआयएसमधून एमबीटाइल्स (तुकड्यातुकड्यांत साठवलेल्या नकाशाची एक फाइल) काढा. झूम १५ पुरे. या अक्षांशाला तिथला एक पिक्सेल साडेचार मीटरचा, म्हणजे ४०० डीपीआय स्कॅनच्या जवळपास तेवढाच. १६ किंवा १७ काढलं तर फाइल दरवेळी चौपट होते आणि नवं काही दिसत नाही. प्रत्येक शीटचा थर वेगळा ठेवा आणि नावात क्रमांक, मोजणीचा हंगाम, प्रकाशनाचं वर्ष तिन्ही घाला. चार शीट एकसंध जोडून समास फेकून दिले तर पुढच्या माणसाला कुठला कोपरा कुठल्या सालचा ते कधीच कळणार नाही.

समासातली टीप:

ऑनलाइन ठेवण्याबद्दल. सरकारी प्रकाशनावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं चालतो. ती मुदत उलटलेल्या शीटला प्रताधिकाराची अडचण नाही. त्यानंतरच्या शीट जशाच्या तशा ठेवू नका, त्यांच्यासाठी आजची ओपन सीरिज शीट आणि पोर्टलचा दुवा द्या. मर्यादित वापराचा शिक्का असलेली शीट कुठल्याही वर्षाची असली तरी आधी सर्व्हे ऑफ इंडियाच्या पुण्याच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या. आणि ज्या संग्रहातून स्कॅन मिळाला त्यांच्या स्वतःच्या अटी असतात, त्या स्कॅन घेतानाच विचारायच्या.

ठेवताना बसवलेल्या टिफसोबत कंट्रोल पॉइंटची (बसवायला वापरलेल्या बिंदूंची) फाइल आणि समासासकट न कापलेला मूळ स्कॅनही ठेवा. डेटमचे आकडे उद्या सुधारले तर कोणालाही तीच शीट पुन्हा बसवता येईल.